फिलूच्या उंचीची मेणबत्ती

मळणी उरकली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या आणि रिकाम्या शेतांत वालाचं पहिलं पान वर आलं, की माझी टाळू थंड पडते. हसू नका. आमचे हे हसतात तेवढं पुरे आहे. कल्याणला रेल्वेच्या कामावर लागल्यापासून यांना प्रत्येक गोष्टीचं कारण सापडायला लागलंय. म्हणतात, "अगं, दव पडतं सकाळी, डोक्यावर पदर घेत जा." घेते हो पदर. पदराखालूनही टाळूवर एकच जागा गार पडते, करंगळीच्या टोकाएवढी. चाळिशी उलटून गेली, पण एकही नाताळ त्याशिवाय गेला नाही.

माझं माहेर ठाण्याच्या खाडीच्या काठी. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि मध्ये आमचं देऊळ. आम्ही ख्रिस्ती असलो तरी त्याला देऊळच म्हणतो, आमचे खापरपणजेही देऊळच म्हणायचे. नाताळच्या आधीचा रविवार हा आमच्याकडे दानाचा रविवार. त्या दिवशी सकाळी घराघरातून माणसं निघायची ती भरल्या हातांनी. कोणी सुपात नवे तांदूळ, कोणी नारळ, कोणी समईचं तेल. मिठागरावरच्या एका म्हाताऱ्याकडे द्यायला काही नसायचं, तो माडाच्या हिरांचा खराटा बांधून आणायचा आणि वेदीच्या पायरीशी असा ठेवायचा, की गावच्या पाटलानंही तसा नारळ ठेवला नसेल. पाय बांधलेल्या कोंबड्या पाद्रीबाबांच्या प्रवचनात मधेच ओरडायच्या. आम्ही पोरी तोंडावर हात दाबून हसायचो. आम्ही म्हणजे मी आणि फिलू.

या सगळ्या दानांत एक वेगळं दान असायचं, ते नवसाचं. घरात कोणी मरणाच्या दारात असलं, की त्याच्या टाळूपासून टाचेपर्यंत सुती दोरा धरायचा, टाचेशी गाठ मारायची आणि तेवढ्या उंचीची मेणबत्ती देवळाला बोलायची. माणूस उठलं, की तो दोरा अंतोनबाबाकडे न्यायचा. अंतोनबाबा आमच्या गावचा मेणबत्तीवाला. डोंगरातली कातकरी माणसं कल्याणच्या बाजारात मेण आणायची, तिथून तो घेऊन यायचा. दोरा आढ्याला टांगायचा आणि पळीपळीनं वितळलेलं मेण त्यावरून ओतत राहायचा. त्याच्या पडवीत नाताळच्या दिवसांत गेलं, की आढ्याला माणसांच्या उंच्या लोंबत असायच्या. एक लहान पोराएवढी, एक बाप्याएवढी. वारा आला की हळूहळू फिरायच्या. मी तिथून जाताना नेहमी धावत जायचे.

फिलू ही शेजारच्या रोजामावशीची लेक. रोजामावशी विधवा, आगेमागे कोणी नाही, जे काय ते फिलू. आमच्या दोघींचा जन्म एकाच आठवड्यातला, उंची एक, केस एकसारखे तेलकट. पाठमोऱ्या बसलो तर माझी आईसुद्धा चुकीच्या पोरीला धपाटा घालायची. फिलू मार खाऊन हसायची आणि मला म्हणायची, "तुझा होता तो, पन ऱ्हावदे, खाल्ला मी." अशी होती ती. 

आम्ही नऊ वर्षांच्या असताना गावात तापाची साथ आली. कापणीचे दिवस होते. घरटी एक तरी माणूस अंथरुणाला लागलेलं. उभं भात शेतात वाळत होतं आणि कापायला हात नव्हते. संध्याकाळी गाव इतकं गप्प व्हायचं, की खाडीला भरती आल्याचं घरात बसून ऐकू यायचं. माझी आई नुकतीच बाळंत झालेली. मला ताप चढला तसं रोजामावशीनं मला उचलून आपल्या घरी नेलं आणि फिलूशेजारी निजवलं, कारण फिलूही तापानं फणफणत होती. आठ दिवस आधी तिच्या टाचेला विळा लागला होता, त्यावर फडकं बांधलेलं. दोघी एकाच चटईवर, एकाच घोंगडीखाली. फिलू चुलीच्या बाजूला, मी भिंतीच्या बाजूला.

एका दिवेलागणीची गोष्ट. रोजामावशी विहिरीवर गेली होती. मला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. मी म्हटलं, "फिलू, मला थंडी वाजते." तिच्यात बोलायचं त्राण नव्हतं. ती उठली, दुखरा पाय ओढत माझ्या अंगावरून पलीकडे गेली आणि भिंतीशी जाऊन पडली. मी चुलीच्या उबेला सरकले. घोंगडी नाकापर्यंत ओढून घेतली.

रोजामावशी आली ती दाराशीच थबकली. मग माझ्या उशाशी बसली. दिवा लावला नव्हता, चुलीत नुसते निखारे. माझ्या टाळूवर तिचं बोट टेकलं आणि पाठीवरून एक दोरा सरकत गेला. ती पुटपुटत होती, "देवा, माझ्या फिलूला उठीव. ही जगली, तर वाढायची थांबेपर्यंत दर नाताळला हिच्या उंचीची मेणबत्ती देईन." मी जागी होते. सगळं ऐकत होते. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की मावशी, मी कातू आहे. मी डोळे घट्ट मिटून घेतले. का, ते आज कितीही सजवून सांगता येईल. खरं एवढंच, की मला जगायचं होतं आणि दोरा माझ्या अंगावर होता. तिचा हात माझ्या टाचेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. बराच वेळ थांबला. मग तिनं गाठ मारली.

पहाटे फिलू गेली. माझा ताप त्याच सकाळी उतरला.

नाताळच्या आधीच्या रविवारी रोजामावशी देवळात मेणबत्ती घेऊन आली. सारं गाव माना वळवून बघत होतं. पोर जगली नाही तर नवस कसला? पाद्रीबाबांनी हळूच विचारलं, "रोजा, ही कोणाची?" ती म्हणाली, "बोललेली हाय, बाबा." आणि वेदीशी वाळूच्या लाकडी खोक्यात ती उभी करून मागे येऊन बसली. मेणबत्तीची ज्योत वर. मला वाटलं, हे डोकं. डोक्यापासून जळतेय. माझ्या कपाळाला घाम सुटला आणि आई म्हणाली, "काय गो, परत ताप चढला काय?"

पुढच्या वर्षी मळणी झाली आणि रोजामावशी आमच्या दारात उभी. आईला म्हणाली, "कातूला जरा दे. माप घ्यायचं हाय." 

आईचा चेहरा पडला. जित्या पोरीचं माप मेलेलीच्या नावानं घ्यायचं, कोणत्या आईला आवडेल? पण हिनंच माझ्या तोंडात पेज घातलेली, हिच्याच घोंगडीखाली मी उठलेली. आईनं मान खाली घातली आणि म्हणाली, "जा." मावशीनं मला तिच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. चौकटीवर फिलूच्या उंचीच्या जुन्या रेघा होत्या, कोळशानं ओढलेल्या. माझ्या टाळूवर एक करंगळी टेकली, गार. दोरा खाली गेला, टाचेशी गाठ. मग तिनं कोळसा घेतला आणि फिलूच्या रेघांच्या वर एक नवीन रेघ ओढली.

गावानं कारण शोधून काढलं. म्हणे, रोजाची फिलू पलीकडे वाढतेय, आणि आई तिच्या वाढत्या उंचीची मेणबत्ती देतेय. म्हणे, दोघी एका मापाच्या, म्हणून कातूचं माप. पाणवठ्यावरच्या बायका मला बघून गप्प व्हायच्या. एकीनं तर तोंडावर विचारलं, "वाढतंस ना गो बरी? का सगळा तिलाच जाते?" झालं! तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच बसलं. मी तिच्या नवसावर जगले, आता ती माझी उंची नेणार. तिची आई दर नाताळला दोऱ्यानं मोजून घेऊन जाते आणि देवळात जाळते. वर्षभर मी रोज सकाळी विहिरीच्या रहाटाशी उभी राहून बघायचे, काल जिथे डोकं लागलं तिथेच लागतंय ना.

मग मी लबाडी सुरू केली. पुढच्या मापाला चौकटीशी उभी राहिले आणि परकराच्या आत गुडघे हळूच वाकवले. फार नाही, चार बोटं. म्हटलं, तेवढी तरी माझ्याकडे राहील. करंगळी टेकली, दोरा गेला, गाठ बसली, मावशीला कळलं नाही. मी घरी आले ती नाचतच.

दानाच्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर मी गर्दीतून पुढे गेले. मेणबत्ती अजून पेटवली नव्हती. जवळ उभी राहिले, तळहात डोक्यावर आडवा धरून मेणबत्तीकडे नेला. मेणबत्ती माझ्याहून चार बोटं उंच होती. मी गुडघे वाकवले होते आणि ती माझ्याहून उंच होती. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. म्हणजे चौकटीशी मी उभी असताना माप दुसऱ्याच कोणाचं झालं होतं, जी ताठ उभी राहते तिचं. मागे कोंबडी ओरडली आणि मी किंचाळले, सगळं देऊळ हसलं.

पुढच्या वर्षी मी जास्त वाकले. मेणबत्ती तरी चार बोटं उंचच. त्याच्या पुढच्या वर्षीही. 

आणि जाळून झाल्यावर तरी संपावं की नाही? नाही. देवळाचा सेवक उरलेली मेणबत्ती सुरीनं कापून तिचे तुकडे करायचा, ते वर्षभर पुरायचे. तीन राजांच्या सणाला वेदीवर माझा दंड जळायचा. उपासाच्या दिवसांत, भर दुपारी, अंधाऱ्या कोपऱ्यात मांडीचा तुकडा. कोणाचं मयत आलं की त्याच्या पायाशी घोट्याचा. मी गुडघे टेकून प्रार्थना करायची सोडून मनात हिशेब करायचे, आता किती उरले. सांगा, अशा पोरीला देव काय दिसणार?

चौदा वर्षांची असताना मला कल्याणला धाडलं. मावसबहीण बाळंत झाली होती, तिच्या हाताखाली. गौरी-गणपतीच्या दिवसांत गेले ते दानाच्या रविवारच्या आदल्या दिवशी परत आले. त्या साली माझं माप कोणी घेतलं नव्हतं. आगगाडीत बसल्यावर डोंबिवलीची शेतं मागे पडत होती, ठिकठिकाणी पेंढा जळत होता, आणि मी खिडकीत आनंदानं बसले होते. यंदा सुटले. यंदा मेणबत्ती नाही. 

रविवारी देवळात पाय टाकला आणि वेदीशी ती उभी. पांढरी, सरळ. गेल्या सालापेक्षा वाढलेली. मी भरतीत पाय ओढावा तशी पुढे गेले. तळहात डोक्यावर धरला. चार बोटं उंच.

त्यानंतर मी गुडघे वाकवायचे, पण सवयीनं. त्यात जोर राहिला नव्हता.

सोळाव्या वर्षी माझी उंची थांबली. मावशीनं माप घेतलं, चौकटीवर कोळसा टेकवला, तर जुन्याच रेघेवर टेकला. दोन वेळा बघितलं तिनं. मग कोळसा चुलीत टाकला आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "झाला गो, बाय. सरला." त्या वर्षापासून तिची मेणबत्ती बंद झाली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. फिलूच्या आत्म्यासाठी असेल, तर माझी उंची थांबल्यावर का थांबावी? पण सुटकेच्या आनंदात माणूस शंका काढत नाही. सतराव्या वर्षी लग्न होऊन मी कल्याणला आले, पोरंबाळं झाली, आणि दर नाताळला माहेरी जाताना रोजामावशीसाठी आंबवलेल्या पिठाचे फुगे तळून नेत राहिले. ती दारात बसून खायची. तिच्या डोक्यामागे चौकटीवर रेघा. मी कधी मान वर करून बघितलं नाही.

गेल्या नाताळला ती अंथरुणाला लागली. मी तिच्याजवळ बसले होते, दुपारची वेळ, बाहेर अंगणात कोणी तरी सुपातले तांदूळ पाखडत होतं. एवढीशी झाली होती ती. नऊ वर्षांच्या पोरीएवढी. मला राहवलं नाही. इतकी वर्षं लपवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मावशी, त्या दिवशी चुलीजवळ मी होते. दोरा माझ्या अंगावर धरलास तू. मी जागी होते गं. मी बोलले नाही." आणि मी ढसाढसा रडायला लागले, या वयात.

ती रडली नाही. म्हणाली, "मना ठावं हाय."

"कधी कळलं?"

"तवाच. माप घेताना टाचेला हात लागतेच. फिलूच्या टाचेला फडकं होतं. तुझी टाच उघडी."

पाखडायचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी विचारलं, "मग काढला का नाहीस दोरा?"

"तुझ्या पापण्या हालत होत्या," मावशी म्हणाली. "जागी होतीस तू. जागत्या पोरीच्या अंगावरना दोरा कसा ओढून काढू? आन् दोरा तेवढाच होता. दिवेलागणीला कोनाच्या दारी दोरा मागत नाय. म्हटला, फिलूचा सकाळी घेईन." थोडा वेळ ती आढ्याकडे बघत राहिली. "सकाळ झाली कुठं."

म्हणजे ती सगळी वर्षं ती मेणबत्ती फिलूची नव्हतीच. नवस जिच्या अंगावर बोलला ती जगली, तेव्हा नवस फेडायलाच हवा. आपली पोर मातीत ठेवून आलेली ही बाई दर नाताळला दुसरीची पोर जगल्याबद्दल देवळाला मेणबत्ती देत होती, आणि मी तिला भीत होते. 

"आन् तू गुडघं वाकवायचीस," ती म्हणाली, आणि हसली, दात नसलेल्या तोंडानं. "लबाड. मना काय दिसत नव्हता? म्हनून मी तुझ्या टाळूवर करंगळी टेकून, वाकशील तेवढी वीत उभी ताणायची, आन् दोरा अंगठ्यापासना सोडायची. देवाच्या मापात कमी पडाया नको. चार बोटां जास्त गेली तर जावदे."

मी हसले, रडले, दोन्ही एकदम. तिचे पाय चेपले. मग आठवलं म्हणून विचारलं, "आणि मी कल्याणला होते त्या साली? तेव्हा कशावरून घेतलंस माप?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. "त्या साली मी तापात पडलेली. मी दोरा दिलाच नाय. देवळात बघितला तवा मना वाटला, तुझ्या आयशीनं धाडला."

आईनं? माझ्या आईनं आयुष्यात त्या दोऱ्याला हात लावला नव्हता.

पावसाळ्याच्या शेवटी मावशी गेली. तिचं घर मिटलं, चौकटीला वाळवी लागली आहे, पण रेघा अजून दिसतात. यंदा मळणी झाली, वाल वर आला, टाळूवर करंगळी टेकली, आणि या वेळी मी पदर ओढला नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती. माझी मेणबत्ती सात वेळा दिली गेली. फिलूची एकदाही नाही. सकाळी घेईन म्हटलेलं माप राहूनच गेलं. मी यांना म्हटलं, "मी गावी जाते." हे म्हणाले, "एवढ्या लवकर?" म्हटलं, "लवकर कसलं? उशीरच झालाय."

अंतोनबाबा अजून आहे. डोळे गेले, पण पळी हातातून सुटली नाही. पडवीत आढ्याला दोन मेणबत्त्या फिरत होत्या. या खेपेला मी धावले नाही. त्याच्या समोर बसले, नाव सांगितलं आणि विचारलं, "बाबा, मी चौदा वर्षांची असताना रोजामावशीची मेणबत्ती तुम्ही केलीत. आठवतं? दोरा कोणी आणून दिला होता?"

"आठवते तर. असा काय विसरतंय? तूच आणलास."

"मी?"

"तूच गो. तवा डोळे शाबूत होते माझे. भर दुपारची आलीस, दोरा ठेवलास, बोलली नायस. म्हटला, कातूचा पाय काय झाला? टाचेला फडका बांधलेला, लंगडत गेलीस."

खाडीवरून वारा आला आणि आढ्यावरच्या मेणबत्त्या हळूहळू वळल्या. भीती वाटली, नाही कशी म्हणू? पण मी जागची उठले नाही. आपल्या आईला ताप आला म्हणून माझा नवस बुडू नये, त्यासाठी फिलू पाय ओढत आली होती. माझ्या वाटचा धपाटा खायची तशीच.

"माप आणलंस काय?" अंतोनबाबानं विचारलं.

"नाही. इथेच घ्या." मी पडवीच्या खांबाला पाठ लावून उभी राहिले. गुडघे ताठ केले, टाचा जमिनीला टेकवल्या, मान सरळ. त्याची चाचपडती बोटं माझ्या टाळूवर आली, दोरा पाठीवरून खाली गेला, टाचेला त्याचा हात लागला.

"कोनाच्या नावाची?"

"फिलूच्या," मी म्हटलं. "आणि बाबा, दोरा चार बोटं वर धरा. ती माझ्याहून उंच आहे."